झोपलेल्या मोहरा

एक होता राजा. त्याचं राज्य डोंगराच्या वर होतं, आणि डोंगराच्या पायाशी समुद्र. समुद्राच्या काठाला त्याचंच एक गाव होतं, शिंपलवाडी. एकदा काय झालं, शिंपलवाडीचा मातीचा बांध फुटला. मग भरतीचं पाणी रोज थोडं थोडं आत यायला लागलं. आधी भाताच्या खाचरात आलं. मग विहिरीत आलं. मग अंगणात आलं.

राजा म्हणाला, "दगडी बांध घाला. पाथरवटांना पाचशे मोहरा देतो." देतो म्हणाला खरा, पण मोहरा खाली पोचायच्या कशा? मधे घाट, घाटात रान, आणि रानात चोर.

पहिल्यांदा राजानं मोहरा हत्तीवरून धाडल्या. हत्तीपुढं नगारा. तो नगारा चोरांनी तीन कोसांवरून ऐकला. थैल्या गेल्या, हत्ती तेवढा परत आला. दुसऱ्यांदा गवताच्या गाडीत पेटी लपवली. पण गवताच्या गाडीची चाकोरी एवढी खोल उमटते होय? चोरांनी चाकोरी पाहिली आणि पेटी काढून घेतली. तिसऱ्यांदा एक स्वार कमरेला कसा बांधून निघाला. कसा म्हणजे पैशांचा कापडी पट्टा, बरं का, आतून पोकळ. पण घोडा दौडला की मोहरा खुळखुळायच्या. अर्ध्या घाटातच चोरांनी कसा सोडवून घेतला.

त्याच राज्यात हौसाबाई राहायची. ती गोधड्या शिवायची. तिची लेक मंजुळा शिंपलवाडीत दिलेली. मंजुळेचा निरोप आला, "आई, पाणी उंबऱ्याला लागलंय." मग हौसाबाईला घास गिळवेना. ती तडक राजाकडं गेली.

"महाराज, मोहरा माझ्याकडं द्या. मी नेते."

"बाई, हत्तीला जमलं नाही, ते तुला कसं जमेल?"

"हत्तीनं नेल्या, गाडीनं नेल्या, घोड्यानं नेल्या, पण सगळ्यांनी जाग्या मोहरा नेल्या, महाराज. मी त्यांना झोपवून नेते."

राजाकडं दुसरा उपाय तरी कुठं होता? त्यानं मोहरा दिल्या.

आता हौसाबाईकडं एक सुई होती. तिच्या पणजीची. त्या सुईनं जे शिवावं, ते निजायचं, आणि त्याच्या उबेनं दुसऱ्यालाही झोप यायची, शिवणारीला तेवढी नाही. मग हौसाबाईनं शेजारणींकडून जुनी मऊ लुगडी आणली, सात थर घातले आणि शिवायला बसली. एका मोहरेला एक इवलासा कप्पा. चहूबाजूंनी बारीक टाके. टाका घालताना म्हणायची, "नीज गं." की ती मोहर कुशीवर वळायची आणि निजायची. अशा सगळ्या मोहरा निजल्या. वरून तिनं अगदी विटकी ठिगळं लावली. मग गोधडीची वळकटी केली, दोन्ही खांद्यांवर सारखा भार येईल अशी पाठीला बांधली, आणि निघाली.

आधी लागला नाका. नाक्यावरच्या शिपायानं वळकटीला काठीनं ढोसलं. काही वाजलं नाही. मग हात लावून पाहिला. हाताला ऊब लागली, आणि त्याच्या पापण्या जड झाल्या. "जा मावशी," एवढं म्हणाला आणि भाल्याला टेकून डुलक्या घ्यायला लागला.

मग लागली नदी. नावाड्यानं वळकटी उचलली.

"मावशी, गोधडी आहे का जातं?"

"सात लुगड्यांची आहे, बाबा."

तो तिला टेकून बसला आणि वल्हं हातात धरूनच झोपला. मग नदीही पेंगली. पाणी हळू झालं, मासे जागच्या जागी तरंगत राहिले, आणि नाव आपली आपण, पानासारखी, पैलतीराला लागली.

मग लागला घाट. आणि झाडांमागून निघाले सात चोर. त्यांचा म्होरक्या होता भैरू.

"गाठोड्यात काय आहे?" भैरूनं विचारलं.

"गोधडी."

"मग दे इकडं. माझ्या आईला हिवताप भरलाय."

नाही म्हणावं तर संशय येणार. दिली तर गेलीच. काय करणार? ती मुकाट्यानं त्यांच्या गुहेत गेली. तिथं पाल्यावर एक म्हातारी निजली होती, चिमणीएवढी, आणि थडथड कापत होती. तिला पाहिलं आणि हौसाबाई क्षणभर मोहराच विसरली. तिनं गोधडी उलगडली, म्हातारीच्या अंगावर घातली, कडा नीट खोचल्या. त्या भारानं म्हातारीचं कापणं थांबलं. ती निजली. मग चोरांनाही जांभया आल्या. एक निजला, दुसरा निजला, सातही निजले.

आता गोधडी ओढायची आणि पळायचं. पण आजारी बाईच्या अंगावरून पांघरूण कसं काढायचं? हौसाबाईचा हात काही पुढं होईना. ती उशाशी बसून राहिली. ऊन कलायला लागलं. म्हातारीला घाम फुटला, ताप उतरला, तिनं डोळे उघडले. मग बोटांनी गोधडी चाचपली. चोरांची आई होती ती, बरं का. सात थरांखालची मोहर तिच्या बोटांना कळली.

"पोरी," ती हळूच म्हणाली, "सगळे निजले होते. तू गेली का नाहीस?"

"तुम्हाला थंडी वाजत होती."

"कुठं नेतेस हे?"

हौसाबाईनं सगळं सांगितलं. बांध सांगितला, लेक सांगितली, उंबऱ्याचं पाणी सांगितलं.

"आम्हीही खालचीच," म्हातारी म्हणाली. "आमचं शेत असंच खारं झालं. तेव्हा कुणी एक दगड टाकला नाही. म्हणून पोरं रानात आली."

मग तिनं लेकाला हलवलं. "भैरू, ऊठ. या बाईची गोधडी पाठीवर घे, आणि तिला लेकीच्या दारापर्यंत पोचव."

"केवढी जड आहे ही, आई."

"तिनं माझा ताप उतरवला. तुला गोधडी जड होते?"

भैरूची झोप पुरी झालीच होती. तो गोधडी पाठीवर घेऊन घाट उतरला. चोराच्याच पाठीवर मोहरा, मग वाटेत कोण अडवणार?

मंजुळेच्या दारात हौसाबाईनं टाके उसवले. मोहरा एकेक करून जाग्या झाल्या, लुकलुकायला लागल्या. भैरू पाहतच राहिला.

"आईला ठाऊक होतं?"

"होतं."

त्यानं अंगणातल्या पाण्याकडं पाहिलं. पाण्यात मंजुळेची चूल बुडालेली होती. मग तो म्हणाला, "बांधाला माणसं लागतील. आम्ही सात जण आहोत."

मग पाथरवट आले. सातही जण गुहेतल्या थैल्या राजाला देऊन आले आणि दगड वाहायला लागले. तीन महिन्यांत बांध उभा राहिला. समुद्र मागं सरला. पावसानं जमिनीतलं मीठ धुऊन नेलं, आणि खाचरात पुन्हा भात डोलायला लागला. राजानं सातही जणांना जमिनी दिल्या. म्हातारीला नवं घर झालं, हौसाबाई लेकीजवळच राहिली, आणि सगळी सुखात नांदली.

संपली बाई गोष्ट. पाय आत घ्या, डोळे मिटा, आणि निजा आता गुपचूप.