मोटरबोटीचं बूच

होड्या बोलत आणि माणसं त्यांचं ऐकत, तेव्हाची गोष्ट. पावसाळ्याआधी हिराजी नाखव्याने जुनी होडी आणि नवी मोटरबोट किनाऱ्यावर ओढली. साचलेलं पाणी वाहून जावं म्हणून त्याने होडीच्या तळाचं बूच काढलं.

"माझ्या बुचाला हात लावायचा नाही!" मोटरबोट कडाडली. "भर समुद्रात मी एक थेंब आत येऊ दिला नाही. आता तळाला भोक ठेवून हसं करून घेऊ?"

"अगं, आता पाणी वरून येणार," होडी म्हणाली.

"गळक्यांनी मला शिकवू नये!"

नाखव्याने हात जोडले आणि नुसती ताडपत्री टाकली. ती आषाढातल्या वाऱ्याने उडवली.

नारळी पौर्णिमेला होडी समुद्रात निघाली. मोटरबोट मात्र किनाऱ्यावरच काठोकाठ भरली होती, इंजिन पाण्याखाली होतं. त्यात पोहणाऱ्या बेडकाने आदराने विचारलं, "बाई, एक थेंबही बाहेर जाऊ दिला नाहीत. कसं जमवलंत हो?"