तान्हाईच्या दगडाची दवंडी

तळ्याचा दरवाजा उघडण्याची सूचना चावडीच्या फलकावर चिकटवून परत निघालेल्या अभियंत्यांची गाडी मी ओढ्यापाशी थांबवली आणि त्यांना पुढील हकीकत ऐकवली. या प्रकरणात माझा भाग तेवढाच.

अभियंता श्री. गुंजाळ तरुण आहेत. गाडीचे इंजिन चालूच ठेवून ते म्हणाले, "बाई, सूचना प्रसिद्ध झाली. संध्याकाळी पाणी सोडायचंय. आता आणखी काय?"

मी त्यांना ओढ्याच्या काठावरचा काळा दगड दाखवला. आमच्या वडजाई गावात त्याला तान्हाईचा दगड म्हणतात. हुकूम काढला जातो, ताकीद दिली जाते, जाहीरनामा लावला जातो. दवंडी मात्र पिटली जाते आणि तिला पायी फिरावे लागते. या गावात दवंडी सर्वांत शेवटी या दगडापाशी येते आणि येथून 'ऐकलं' असे उत्तर मिळेपर्यंत ती पुरी झाली असे कोणी मानत नाही. त्याचे कारण असे सांगतात.

फार पूर्वी एका पावसाळ्यात तळ्याच्या बांधाला भेग पडली. बांध मधोमध फुटता तर सारे गाव वाहून गेले असते. म्हणून दिवस मावळण्यापूर्वी तो कडेने फोडून पाणी ओढ्यात सोडावे, असा देशमुखांनी हुकूम काढला. भर दुपारी तो चावडीवर वाचण्यात आला. ओढ्याकाठी कुंभारवाडा होता. त्या दिवशी कुंभारांनी मडकी भाजण्याचा आवा पेटवलेला होता आणि पेटता आवा सोडून कुंभार कोठेही जात नाही. त्यामुळे चावडीवर त्यांच्यापैकी कोणीच नव्हते. दवंडीवाल्या येसूने खाली जाऊ का, असे विचारले. पाटील म्हणाले, "चावडीवर वाचलं म्हणजे गावाला कळलं असं धरायचं. तू घरी जा."

येसूने घरी येऊन हलगी खुंटीला अडकवली. त्याची बायको तान्हाई भाकरी थापत होती.

"कुंभारवाड्यात काय म्हणाले?"

"तिकडं गेलोच न्हाई. चावडीवर वाचलं की."

"चावडीला तोंड हाय, पाय हायेत का?" असे म्हणून तिने पिठाच्या हातांनीच हलगी उचलली.

बाईने हलगीला हात लावण्याची तेव्हा रीत नव्हती. ती वाजवीत खाली आली, तेव्हा कुंभारवाडा हसू लागला, म्हणे. वडीलधारे भिकोबा आव्यात लाकडे सारीत म्हणाले, "येसूनं बायकूला कधी चाकरीला ठिवलं गं? हुकूम कुणाचा?"

"देशमुखांचा. बांध फोडत्यात. वर चला."

"मग देशमुखांचा माणूस येऊ दे. वर्साची मडकी हायेत आत."

"माणूस येत न्हाई म्हणून तर मी आले, आबा." तान्हाई आव्याशेजारच्या दगडावर बसली. "आता तुमी समदी 'ऐकलं' म्हणून चढाला लागल्याबिगर मी उठत न्हाई."

ती हलगी वाजवीत राहिली. वरून पहारींचे घाव ऐकू येऊ लागले. भिकोबा तिच्याकडे पाहीनात. अखेर त्यांची थोरली सून मूल काखेला मारून पुढे आली. "आबा, खोटं सांगाया आलेलं माणूस इथं बसून ऱ्हात न्हाई," असे सासऱ्याला बजावून ती चढाला लागली आणि मोठ्याने 'ऐकलं' म्हणाली. तिच्यामागून एकेक घर निघाले. भिकोबांनी आव्याला हात जोडले, तेही निघाले.

ओढ्याच्या वळणापलीकडे मात्र एक धनगराचे बिऱ्हाड होते. तेथून उत्तर येईना. तान्हाई उठली नाही.

बायको एव्हाना परतली असेल असे धरून येसूही बांध फोडायला गेला होता; तेथे त्याने खालून ऐकू येणाऱ्या हलगीवरचा तिचा हात ओळखला. "थांबा, माझी बायकू हाय खाली!" असे तो ओरडला आणि लोकांनी पहारी टाकल्याही. पण भेग तोवर रुंदावली होती आणि माती आपणहून सुटली. पाणी दगडावरून गेल्यावरही काही वेळ हलगी वाजत होती, असे सांगतात. मग पलीकडच्या टेकाडावरून धनगरांची हाक आली, 'ऐकलं'. त्यानंतर हलगी थांबली. कुंभारवाड्यातले एकही माणूस वाहून गेले नाही. तान्हाई सापडली नाही.

आजही या दगडापाशी हलगीवर पहिली थाप बाईच टाकते.

मी थांबले, तेव्हा गुंजाळांनी इंजिन बंद केले होते. ओढ्याच्या पात्राकडे पाहत त्यांनी विचारले, "तो धूर कसला?"

"वीटभट्टी. परगावच्या मजुरांच्या झोपड्या आहेत तेथे. तुमचा फलक त्यांनी पाहिलेला नाही."

त्यांनी तेथूनच सरपंच शेवंताबाई ढमाले यांना बोलावून घेतले. ठरले ते असे: सरपंचांनी हलगी घेऊन पात्रातून शेवटच्या झोपडीपर्यंत जावे, गुंजाळांनी सोबत चालावे आणि झोपड्या रिकाम्या होईपर्यंत दरवाजा उघडू नये. सरपंचांनी मान्य केले. त्यांच्याबरोबर आलेल्या ग्रामसेवकांनी "वेळ फलकावर जाहीर झालेली आहे" अशी हरकत घेतली. गुंजाळांनी ती फेटाळली, पायांतले बूट काढले आणि ते पात्रात उतरले.