येसूच्या माहेरचं पाखरू

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती, ते मला विचारू नका. माझ्या सासूलाही सांगता यायचं नाही.

घाटमाथ्यावरच्या आपल्या ह्याच हिरडवाडीत हैबती नावाचा माणूस राहायचा. शेतात त्याचं लक्ष शून्य. दिवसभर झाडाखाली बसून पाखरं न्याहाळायची आणि काव, चुना, काजळी घेऊन ती घरोघरच्या भिंतींवर काढायची, एवढाच उद्योग. कुठल्या पाखराच्या शेपटीत किती पिसं, ते त्याला तोंडपाठ. पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रेघ ओढायचा नाही. त्यानं पाखरू काढलं की खरं पाखरू त्या घरावर येऊन बोलायचं, असं म्हणतात. म्हणून गावातल्या सुना त्याच्याकडून आपापल्या माहेरचं पाखरू काढून घ्यायच्या.

त्याची बायको येसू घाटाखालच्या रानातली. माहेर इतकं लांब की लग्नानंतर जाणं झालंच नाही. एकदा ती म्हणाली, "समद्यांची काढता, माझ्या माहेरचंबी काढा की."

"कसं दिसतं?"

"दिसत न्हाई वो. नुसतं ऐकू येतं." तिनं ओठ मुडपून आवाज काढून दाखवला.

"मग बघून येतो."

"कसंबी काढा. मला चालंल."

पण ऐकेल तो हैबती कसला. घाट उतरून गेला. आवाज यायचा, पाखरू दिसायचं नाही. दरसाल जायचा, महिनोन्‌महिने राहायचा, हात हलवत परत यायचा. येसू उंबऱ्यात बसून वाट बघायची. पाखरू मागितलं आन् माणूस गेला, असं म्हणायची. मला तिचं फार वाईट वाटतं.

चौदाव्या साली तो रानात इतका निश्चल उभा राहिला की पायावर वेल चढली, असं म्हणतात. तेव्हा कुठे पाखरू दिसलं. ते माणसाकडे पाठ करून बसायचं, म्हणून पानांत हरवायचं. वळलं, तर पोट कुंकवासारखं लाल. हैबती धावत घाट चढला.

येसू पंधरा दिवसांपूर्वीच गेली होती. शेजारीण म्हणाली, "शेवटी त्योच आवाज काढत हुती. कुनी ओ देतंय का, ऐकत हुती."

हैबतीनं घराच्या भिंतीवर ते पाखरू काढलं. संध्याकाळी ते खरंच घाट चढून आलं आणि तीन दिवस त्या घरावर बोलत राहिलं, असं म्हणतात. त्यानंतर हैबतीनं कावेला हात लावला नाही.

आजही आपल्याकडे नवी सून आली की हैबतीचं नाव घेऊन तिला पहिलं हेच विचारतात, तुझ्या गावात कुठलं पाखरू बोलतं? मग नवऱ्यानं ते दाराशेजारी काढायचं, पाहिलेलं नसलं तरी. माझ्या माहेरी नदीवर खंड्या. आमच्या ह्यांनी तो जन्मात पाहिला नव्हता. काढला तो थेट कोंबडीसारखा, अजून गाव हसतं. हसू देत. माझी हळद उतरायच्या आत काढला.