अस्वलीण आणि पाच बरण्यांचे बिल

मुलांनो, घाटमाथ्यावरच्या दाट जंगलात एक अस्वलीण राहायची. तिच्याकडे एक जुना टेंपो होता. मधाच्या बरण्या भरायच्या, घाट उतरायचा आणि खालच्या बाजारात मध विकायचा, यावर तिचे घर चाले. वाटेत कुणी भेटले तर ती त्यालाही मागे बसवून घेई. कष्टाळू होती बिचारी, पण स्वभावाने फार संशयी. तांदूळ घेताना पोत्यात कोपरापर्यंत पंजा घालून तळाचे दाणे वर काढी. कुणी हसून बोलले तर तिला वाटे, याला आपल्याकडून काहीतरी हवे आहे. कुणी न हसता बोलले तर वाटे, हा काहीतरी लपवतो आहे.

एके दिवशी टेंपोचा ब्रेक दाबताच मागच्या एका चाकातून 'चींऽऽ' असा कर्कश आवाज येऊ लागला. अस्वलिणीने गाडी खवल्यामांजराच्या गॅरेजमध्ये नेली. दुरुस्तीच्या कामात खवल्यामांजर पटाईत होते, बोलण्यात मात्र अगदीच कच्चे. कुणी आवाज चढवला की ते अंगाचा चेंडू करून बसे. ते टेंपोखाली शिरले, मागची दोन्ही चाके उघडून पाहिली, पुन्हा बसवली आणि बाहेर येऊन म्हणाले, "मावशी, मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक लायनर बदलावे लागतील. मधाच्या पाच बरण्या होतील."

"दोन्ही चाकांचे?" अस्वलिणीचे डोळे बारीक झाले. "आवाज तर एकाच चाकातून येतो!"

"दोन्हींचेच बदलावे लागतात," खवल्यामांजर पुटपुटले.

'का?' एवढे विचारले असते तरी पुरे होते. पण अस्वलिणीला आता विचारायचे नव्हतेच. तिच्या मनात संशयाने घर केले होते. गाडीखाली काय केले, कुणी पाहिले? चांगली वस्तू खराब म्हणून सांगितली तर आपल्याला काय कळणार? ती गरजली, "घटकाभर गाडीखाली लोळायचे आणि पाच बरण्या मागायच्या! मला काय मूर्ख समजलास?"

झाले! खवल्यामांजराने मान आत ओढली, शेपूट गुंडाळले आणि त्याचा टणक चेंडू झाला.

"बघा, बघा!" अस्वलीण आजूबाजूच्यांना म्हणाली. "मनात पाप नसते तर तोंड लपवले असते का?" आणि तिने टेंपो तसाच बाहेर काढला.

नाक्यावर कोल्ह्याने नुकतेच गॅरेज थाटले होते. त्याने अस्वलिणीला बसायला स्टूल दिले, गरम चहा दिला आणि सगळी तक्रार मान डोलवत ऐकून घेतली. "पाच बरण्या? अरेरे! मावशी, तुम्ही चाणाक्ष म्हणून वाचलात. दुसरी कुणी असती तर फसलीच असती. मी दोन बरण्यांत करून देतो."

चाणाक्ष म्हटल्यावर अस्वलीण खुलली. तिचा चहा संपायच्या आत कोल्ह्याने काम उरकलेसुद्धा. तिने ब्रेक दाबून पाहिला. आवाज गायब! काय केले, काय बदलले, हे तिने विचारले नाही. उलट, खवल्यामांजराने आपल्याला तीन बरण्यांना लुटले असते, हे ती वाटेत भेटेल त्याला सांगत सुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाजाराला निघाली. एक सशीण तापाने फणफणलेल्या पिल्लाला घेऊन खालच्या वैद्याकडे चालली होती. तीही मागे बरण्यांजवळ बसली. माथ्यावरच्या सपाट रस्त्यावर सगळे ठीक होते. उतार लागला आणि अस्वलिणीने ब्रेक दाबला. पायाखालचा ब्रेक मऊ लोण्यासारखा आत गेला, पण गाडीचा वेग काही कमी होईना. तिने पुन्हा दाबला, जोर लावून दाबला. टेंपो उलट जास्तच धावू लागला. पुढे वळण होते आणि वळणापलीकडे दरी.

"पिल्लाला घट्ट धर!" अस्वलीण ओरडली आणि तिने गाडी डोंगराच्या बाजूला, बांबूच्या बेटात घातली. काड्‌काड् बांबू मोडले, बरण्या फुटल्या, मधाचे ओघळ रस्त्यावर आले. गाडी थांबली. सशीण पिल्लाला कवटाळून बसली होती. त्याच्या कानाला काच लागली होती. रक्त पाहताच अस्वलिणीने गाडीतून खाली उडी मारली. तिने पिल्लाला छातीशी धरले आणि पळतच वैद्याचे घर गाठले.

पिल्लाला औषध मिळाले, कानाला पट्टी बांधली गेली. मग अस्वलिणीने हत्तीला विनवून टेंपो ओढून आणवला, तो थेट खवल्यामांजराच्या दारात. खवल्यामांजराने तिला पाहताच मान आत ओढायला सुरुवात केली.

"थांब रे बाबा," अस्वलीण हळू आवाजात म्हणाली. "मी भांडायला आलेली नाही. मला फक्त दाखव. काय बिघडले आहे ते माझ्या डोळ्यांनी पाहू दे."

खवल्यामांजराने मान पुन्हा बाहेर काढली. मग त्याने तिच्यासमोर चाक उघडले. आतले लायनर, म्हणजे चाकाला धरून थांबवणाऱ्या पट्ट्या, पानासारखे पातळ झाले होते आणि त्यांवरून तेल निथळत होते. "कोल्ह्याने काहीच बदललेले नाही," ते म्हणाले. "नुसते तेल ओतले. तेलाने आवाज बंद होतो, पण ब्रेक घसरतो. पकड राहत नाही."

"आणि दुसऱ्या चाकाचे का बदलायचे?"

"एकाचेच बदलले तर एक चाक घट्ट धरेल आणि दुसरे सैल धरेल. मग ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढली जाईल. आणि हे बघा..." त्याने दुसरे चाकही उघडले. "याचे लायनरही झिजलेलेच आहे."

अस्वलिणीने दोन्ही लायनर पंजात घेऊन नखाने दाबून पाहिले. खरे होते. "हे तू मला त्या दिवशी का नाही सांगितलेस?"

"तुम्ही ओरडलात," खवल्यामांजर खाली बघत म्हणाले. "आणि मला वाटले, काम चोख असले की बोलायची गरज नसते. चुकलेच माझे."

दुरुस्ती झाली. बिल पाच बरण्यांचेच झाले. तरी अस्वलिणीचा स्वभाव थोडाच बदलणार! तिने काढलेले सगळे सामान उचलून न्याहाळले. "ही स्प्रिंग का रे बदललीस? ही तर चांगली ताठ दिसते."

खवल्यामांजराने स्प्रिंग हातात घेतली, ताणली, उजेडात धरली. त्याचा चेहरा पडला. "हो मावशी. ही चालली असती. सवयीने बदलून टाकली. एक बरणी कमी द्या."

या वेळी अस्वलीण ओरडली नाही आणि खवल्यामांजराचा चेंडूही झाला नाही. तिने घरून आणलेल्या चार बरण्या मोजून दिल्या. त्या दिवसापासून खवल्यामांजर गाडीतून काढलेला प्रत्येक भाग गिऱ्हाइकापुढे दगडावर मांडून ठेवू लागले, आणि जंगलातले सगळे त्याला बेधडक प्रश्न विचारू लागले. कोल्ह्याच्या गॅरेजवरही काही जण गेले आणि म्हणाले, "काढलेले सामान दाखव." कोल्ह्याकडे दाखवायला काहीच नव्हते. त्याने गाशा गुंडाळला.

तात्पर्य : बिल मोठे म्हणून खोटे नसते आणि लहान म्हणून खरे नसते. मनात संशय आला तर आरोप करू नये. काय बिघडले, काय बदलले आणि का, हे विचारून स्वतः पाहावे. आणि ज्याचे काम चोख आहे, त्याने विचारणाऱ्याचा राग मानू नये.