शिंगाळ्याचा नियम

फार जुनी गोष्ट. नदीकाठच्या चितळांच्या कळपाचा म्होरक्या होता शिंगाळ्या. भारी करारी. त्याने कळपाच्या शहाणपणाची वाटणी केली होती. वास ओळखणारे वेगळे, आवाज टिपणारे वेगळे, नजर ठेवणारे वेगळे. ज्याचा इशारा खरा ठरेल, तो आधी पाणी पिणार. ज्याचा खोटा ठरेल किंवा जो दुसऱ्याच्या कामात तोंड घालेल, तो सगळ्यांत शेवटी, उरलेला गाळ पिणार.

एका संध्याकाळी कळप पाणवठ्यावर उतरला. शिंगाळ्याची लेक काजळी सगळ्यांच्या पुढे होती. शिंगाळ्या स्वतः नजरवाल्यांत. त्याला दिसलं काहीच नाही, पण वाघाचा पुसटसा वास आला. तो वासवाल्या भुरीजवळ सरकला.

"भुरे, नाकाला काही येतंय का?"

"येतंय थोडंसं, दादा. पण खोटं ठरलं तर? मागल्या खेपेला गाळ प्यायले मी."

शिंगाळ्याच्या गळ्याशी हाक आली होती. पण नियम त्याचाच होता. त्याने हाक गिळली, आणि वाघाने झेप घेतली.

काजळीचा जीव वाचला, पण तिची मांडी फाटली.

जखम भरल्यावर ती पुन्हा पाण्यावर आली आणि आल्याआल्या ओरडली. कळप उधळला. झुडपातून मोर बाहेर आला.

"आज बाईसाहेबांना गाळ!" एक तरणा नर खिदळला.

सगळे शिंगाळ्याकडे पाहू लागले.

"काजळे, आधी तू पी," तो म्हणाला. "मग भुरी. मग बाकीचे."

सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं गढूळ पाणी तो एकटा प्यायला.