राणीचे बिनबोटांचे मोजे

एका राज्यात, जिथे पक्ष्यांना भाषा होती आणि माणसांना ती ऐकायला सवड होती, राजा चंद्रसेन आणि राणी कुमुदवती सुखाने नांदत होती. सुख दृष्ट लागण्याजोगे होते, आणि दृष्ट लागलीच. त्यांच्या लग्नाच्या पंगतीत हिमकर्ण मांत्रिकाच्या पानात भात गार पडला. मांत्रिकाला राग यायला एवढे पुरे. पानावरून उठता उठता त्याने राणीला शाप दिला, की तुला लेक होईल त्या दिवसापासून तुझ्या हातांचे तळवे बर्फाचे होतील.

झालेही तसेच. राजकन्या जन्मली आणि राणीने हातात घेतलेल्या तांब्यातले पाणी गोठले. पडदा धरला, तो काचेसारखा फुटला. तेव्हापासून दाई बाळाला धरून पाजवी आणि राणी आपले हात पाठीमागे घेऊन बसे. राजशिंप्याने जरीचे हातमोजे शिवून दिले, तेही तडकले. राणीसोबत तिच्या माहेराहून आलेल्या, महालात विणकाम करणाऱ्या गोजराबाईला हे बघवेना. राणीला लहानपणी तिनेच अंगाखांद्यावर खेळवले होते. पाचव्या दिवशी ती तडक मांत्रिकाच्या गुहेत जाऊन उभी राहिली आणि तिने उःशाप मागितला.

हिमकर्ण म्हणाला, "बारशाच्या दिवशी, सूर्य माथ्यावर येण्याआधी, आईने लेकीला दोन्ही हातांनी उचलावे. तळवे विणलेल्या मोज्यांत झाकावेत, बोटे उघडी ठेवावीत. लोकरीला कात्री लागलेली नसावी. सुई लोहाराच्या हातची नसावी. दोन्ही मोज्यांत एका टाक्याचाही फरक नसावा. चुकलात, तर शाप जन्माचा."

"एवढेच ना?" गोजराबाई म्हणाली. चाळीस वर्षांत तिने एक ओळही उसवली नव्हती, आणि हे ती भेटेल त्याला सांगत असे.

तिच्या खिडकीबाहेर एक शिंपी पक्षी राहत होता. पाने शिवून घरटे करणारा, त्यामुळे स्वतःला तिच्याच धंद्यातला समजणारा. त्याने वाट दाखवली. डोंगरावर सोनेरी मेंढा होता. कात्री दिसली की तो शिंगे रोखी. गोजराबाई रिकाम्या हाताने गेली आणि त्याची पाठ खाजवत बसली. दोन दिवस खाजवली. मेंढ्याचे डोळे मिटले आणि सैल झालेली लोकर आपोआप तिच्या ओंजळीत आली.

पुढे एका वारुळात शापित खजिन्यावर एक म्हातारा नाग बसला होता. तिला खजिना नको, हे ऐकून तो चकित झाला. शंभर वर्षांत त्याच्याशी कोणी दोन शब्द बोलले नव्हते. त्याने महालातल्या बातम्या विचारल्या. गोजराबाईने कोणाचे कोणाशी पटत नाही इथपासून सुरुवात केली ती दुसऱ्या दिवशीच थांबली. खूश होऊन नागाने आपला गळलेला दात तिला दिला. विष केव्हाच वाळून गेले होते, आणि टोकाला दोरा अडकेल असा सुरेख बाक होता. याहून चांगली क्रोशाची सुई कुठे मिळणार?

आता उरले विणणे. मोजे तसे साधे. चोवीस साखळ्या घालायच्या, त्यांवर ओळीमागून ओळ खांब, म्हणजे उभे टाके, घेत चौकोन करायचा, तो दुमडून कड शिवायची आणि अंगठ्यापुरती फट सोडायची. पहिला मोजा झोकात झाला. दुसरा घेतला तो बारशाच्या सकाळी, आणि शेजारच्या दालनात बाळ रडू लागले. ते रडले की गोजराबाईची मान तिकडे वळे.

शिंपी पक्षी म्हणाला, "बाई, कड तिरपी जाते आहे."

तू आपली पाने शिव, असे तिने त्याला फटकारले. पण मन खाऊ लागले, म्हणून तिने टाके मोजले. पहिल्या ओळीत चोवीस. शेवटच्या ओळीत एकोणीस. मान वळली त्या त्या वेळी ओळीच्या शेवटचा खांब सुटला होता. नवशिक्या पोरींना ती ज्या चुकीवरून ओरडत असे, तीच चूक. ऊन पायरीवर चढत होते.

ती उठली, थेट राजापुढे गेली आणि सगळ्या दरबारादेखत म्हणाली, "महाराज, माझी चूक झाली. मला हे उसवायचे आहे. बाळ रडते तेव्हा माझे लक्ष राहत नाही. टाके कोणीतरी मोजा."

राजा सिंहासनावरून उतरला आणि तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला. गोजराबाईने दोरा ओढला; चाळीस वर्षांचा तोरा सरसर उसवत गेला. मग ती विणू लागली आणि राजा मोजू लागला. तो मोठ्याने मोजी, बोट ठेवून मोजी, आणि चोवीस झाल्याखेरीज तिला ओळ पलटू देत नसे. प्रधानजी राज्यकारभाराचे काही विचारायला आले, त्यांना त्याने हातानेच थांबवले.

सूर्य माथ्यावर यायला घटकाभर उरली तेव्हा शेवटची गाठ पडली. राणीने मोजे चढवले. तिने वाकून लेकीला उचलले, आणि सारा महाल श्वास रोखून उभा राहिला.

बाळ गोठले नाही. रडायचे थांबले, इकडे तिकडे चाचपले आणि आईचे उघडे बोट मुठीत घट्ट धरून झोपी गेले. मोज्यांतून पाणी ठिबकू लागले. तळव्यांतला बर्फ वितळत होता. दूर गुहेत हिमकर्णाला शिंक आली आणि त्याची विद्या आटोपली.

पाळणा सजून तयार होता. आत्याबाई नाव सांगायला पुढे आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, बाळाला पाळण्यात घाला. मुहूर्त टळतो आहे."

"टळू द्या," राणी म्हणाली.

आत्याबाईंनी मग आईच्या कुशीतच वाकून बाळाच्या कानात नाव सांगितले. पाळणा त्या दिवशी रिकामाच हलला, आणि त्या राज्यात त्याचे कोणालाच वाईट वाटले नाही.