काचेआडच्या बाहुल्या

एका गावात एक कपाट होते आणि गावाला त्याचा फार अभिमान होता. माणिकशेट नावाच्या व्यापाऱ्याने आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ ते बालवाडीला दिले होते. कपाट सागवानी होते, दारे काचेची होती. आत रंगीत चित्रांची पुस्तके, लाकडी बाहुल्या आणि भातुकली मांडलेली होती. दारांना मोठे कुलूप होते आणि किल्ली माणिकशेटच्या कमरेला होती. वस्तू खराब होऊ नयेत म्हणून मुलांनी त्यांना हात लावायचा नाही, असा नियम त्यानेच घातला होता.

मुले रांगेत हाताची घडी घालून बसत आणि काचेतून बाहुल्या पाहत. परगावचा पाहुणा आला की गावकरी त्याला आधी ते कपाट दाखवीत. सर्व वस्तू नव्याकोऱ्या आहेत, असे पाहुणा म्हणे आणि गावाची छाती फुगे. मुलांच्या बाहुल्या नव्याकोऱ्या राहिल्या, ही अभिमानाची नव्हे, लाजेची गोष्ट आहे, हे गावातील एकाही शहाण्याला सुचले नाही.

माणिकशेटची पाच वर्षांची मुलगी कुमुद त्याच बालवाडीत होती. तिची आई तापाने वारली, तेव्हा आई माहेरी गेली आहे, येईल, असे तिला सांगण्यात आले. वडिलांनी तेच सांगितले आणि शेजाऱ्यांनीही तेच सांगितले. कपाटावरच्या पितळी पाटीवर खरे काय ते कोरलेले होते; परंतु कुमुदला वाचता येत नव्हते. पुढे त्या घरात आईचे नाव निघेनासे झाले. हळूहळू कुमुदही बोलेनाशी झाली.

मग ती चावू लागली. शेजारच्या मुलाच्या दंडाला चावली, स्वयंपाकिणीच्या मनगटाला चावली. पाणवठ्यावर बायका हसून म्हणत, "शेटच्या घरी लेक नाही बाई, मुंगूस वाढतंय." वर्षभर त्या लेकराशी खोटे बोलणाऱ्या याच बायका होत्या.

अखेरीस माणिकशेटने निर्णय घेतला. येत्या बाजाराच्या दिवशी कुमुदला दूरच्या शहरातील मुक्या मुलांच्या आश्रमात पोहोचवायचे आणि तेथेच ठेवायचे.

बालवाडीच्या शिक्षिका गोदावरीबाई हे ऐकून तडक त्याच्या पेढीवर गेल्या. मुलगी मुकी नाही, असे त्यांनी त्याला स्पष्ट सांगितले. तिच्या मनात जे साठले आहे, ते सांगायला तिच्याजवळ शब्द नाहीत. ते शब्द गोष्टींतून मिळतात आणि खेळात बोलून पाहता येतात. म्हणून कपाट उघडावे, अशी त्यांनी मागणी केली. माणिकशेट बधला नाही. पाचव्या दिवशी तालुक्याचे मोठे पाहुणे कपाट पाहायला येणार होते. एखाद्या बाहुलीचा हात तुटला तर त्यांना काय तोंड दाखवायचे?

"बाई, बाहुली म्हणजे काही औषध नव्हे," तो म्हणाला.

"ठीक आहे. उद्यापासून तुमचं कपाटच वर्गात बसेल," बाई म्हणाल्या. "मुलं माझ्या अंगणात बसतील."

त्यांनी बोलल्याप्रमाणे केले. त्यांच्या घरी सागवानी काही नव्हते. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांच्या त्यांनी बाहुल्या केल्या आणि काळ्या दोऱ्याने त्यांचे डोळे शिवले. पुस्तक एकच होते, तेही कोपरे गेलेले. त्यात आईपासून चुकलेल्या वासराची गोष्ट होती.

पहिल्या दिवशी कुमुदने बाहुली चिखलात भिरकावली. बाई रागावल्या नाहीत. "बाहुलीला फार राग आलेला दिसतो," एवढेच त्या म्हणाल्या. कुमुदने वळून पाहिले. आजवर तिच्या रागाला सर्वांनी शिक्षा केली होती. त्याला नाव कोणीही दिले नव्हते.

बाई रोज वासराची गोष्ट वाचत आणि वासराला आता काय वाटत असेल, असे मुलांना विचारीत. मुले उत्तरे देत. कुमुद चित्रातल्या वासरावर हात ठेवून बसे. चौथ्या दिवशी गोष्टीबरोबर तिचे ओठ हलू लागले.

पाचव्या दिवशी पाहुणे आले. वर्गात कपाट होते आणि मूल एकही नव्हते. मुले कोठे आहेत, असे पाहुण्यांनी विचारले. बाईंची सर्वांदेखत खरडपट्टी काढायची, असे ठरवून माणिकशेट रागाने त्यांच्या अंगणात शिरला.

कुमुद पाठमोरी बसली होती. मोठ्या बाहुलीला तिने हिरवे फडके गुंडाळले आणि आडवे निजवले. मग लहान बाहुलीला हातात धरून ती बोलू लागली.

"तुझी आई माहेरी नाही गेली. मी खिडकीतून पाहिलं. तिला हिरवं लुगडं नेसवलं आणि उचलून नेलं. सगळे खोटं बोलतात. म्हणून तुला राग येतो."

माणिकशेट जागीच थांबला. चाहूल लागून कुमुद वळली. ती त्याला चावली नाही. ती उठून त्याच्यासमोर उभी राहिली.

"बाबा, आई मेली ना?"

जुने उत्तर त्याच्या ओठांवर आले होते. वर्षभराच्या सरावाने ते गुळगुळीत झाले होते. त्याने बाईंकडे पाहिले. बाईंनी त्याला मदत केली नाही. तो अंगणातल्या मातीत खाली बसला.

"हो बाळ. आई मेली. मी तुला खोटं सांगितलं."

कुमुदने दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारायला सुरुवात केली. का सांगितले नाही, हे तिने पुन्हा पुन्हा विचारले. त्याने तिचे हात धरले नाहीत. हात थकल्यावर ती त्याच्याच मांडीवर कोसळली आणि वर्षभरात प्रथमच रडली.

बाजाराच्या दिवशी ती शहरात गेली नाही. परंतु एका खऱ्या उत्तराने वर्षभराचा अन्याय धुऊन निघत नाही. तो धुऊन निघाला, असे माणिकशेटने समजू नये. आणि त्याच्या गावानेही समजू नये.

तात्पर्य: मुलांना पुस्तके हाताळू द्या, बाहुल्या मोडू द्या आणि त्यांच्या प्रश्नांना खरी उत्तरे द्या; ज्या दुःखाला मोठी माणसे शब्द मिळू देत नाहीत, ते दातांनी बोलते, आणि तो अपराध मुलाचा नसतो.